माझा पहारा

दाजी,

तुमच्या तेरवीला पंगत बसली नाही.

बुंदी आदल्या दिवशी पाडून ठेवली होती, ती लोकांच्या हातावर दिली. काहींनी घेतली, काहींनी हात मागं ओढला. भावकीतले काहीजण तर चपला घालून, चहाही न घेता निघून गेले. आचाऱ्यानं पेटवलेली चूल नुसतीच जळून विझली. गावात अजून तोच विषय आहे. मेव्हण्यानं दाजीला उपाशी पाठवलं, म्हणतात.

अक्का म्हणाली, "त्येंना सांग समदं. दुसऱ्याकडून कळायच्या आदी तूच सांग." तुम्हाला जाऊन अजून महिनासुद्धा झाला नाही. तुम्ही वडवणीच्या बाजाराला गेला आहात आणि संध्याकाळच्या गाडीनं येणार आहात, अशा थाटात ती तुमच्याबद्दल बोलते. तिला नाही म्हणवलं नाही. शिवाय मला जे सांगायचं आहे ते तेरवीपुरतं नाही. ते फार जुनं आहे आणि तुम्हाला ते माहीत होतं. माहीत असून तुम्ही कधी बोलला नाहीत, म्हणून मलाही बोलता आलं नाही.

माझे वडील गेल्यावर तुम्ही मला आमच्या गावाहून तुमच्या घरी घेऊन आलात. बायकोच्या भावाला सांभाळणारे लोक असतात, पण ते जन्मभर तसं जाणवून देतात. तुम्ही फक्त चेष्टा केलीत. "पाव्हणं, भाकरी घ्या. पाव्हणं, शेण काढा." मी मिसरूड फुटलेला झालो तरी मी पाहुणाच. पुढं गावात दूध संस्था निघाली, तिच्या पहिल्या सभासदांत तुम्ही होता. माझं हिशेबाचं डोकं बरं आहे असं तुम्ही चार लोकांत सांगितलंत आणि मला सचिव केलं. त्या दिवसापासून तुम्ही मला घरात 'सचिवसायेब' म्हणू लागलात. म्हैस पिळताना चरवी पुढं करायचात आणि म्हणायचात, "सायेब, फॅट बगा. आमचं दूद पातळ निगालं तर पगार न्हाई मिळायचा तुमाला."

माझा विश्वास नियमावर. तुमचा विश्वास वीणेवर. आपली भांडणं सगळी त्याच एका बांधावर झाली.

आपल्या गावच्या सप्त्यात वीणा सात दिवस खाली ठेवत नाहीत. पहाऱ्यावरच्या माणसानं ती गळ्यात घालून उभं राहायचं, नाव घेत राहायचं, आणि पुढच्या पहारेकऱ्यानं येऊन, बुक्का लावून, त्याच्या पाया पडून वीणा घेतली की मगच त्यानं टेकायचं. पुढचा माणूस आलाच नाही तर पहिल्याला बसता येत नाही. तुमचा पहारा दुपारचा असायचा, कारण तो कुणालाच नको असायचा. मंडपाचा पत्रा तापतो, पारायणाला बसलेले डुलक्या घेतात, ऐकायला एखादं कुत्रं असतं. तुमच्यानंतरचा पहारा माझा. तोही तुम्हीच मला घ्यायला लावलेला. तुम्ही कुणाला सोडवायला गेलात की वीणा घेताना हळूच म्हणायचात, "बसा आता." एवढंच. माझ्या लक्षात आहे, म्हातारे लोक तुमच्या त्या दोन शब्दांची वाट पाहत उभे असायचे.

एकदा वीणेच्या तारा बदलायला आपण दोघं दिंद्रुडला गेलो होतो. एसटीत जागा होती, पण तुम्ही वीणा उराशी धरून खांबाला टेकून उभे. कंडक्टर म्हणाला, "नाना, ह्या बाईचं तिकीट कुनी काडायचं?" तुम्ही म्हणालात, "हिला पास हाय." गाडीभर लोक हसले. उतरल्यावर मी विचारलं, "दाजी, सप्ता न्हाई, काय न्हाई. मांडीवर घेऊन बसायचं की." तुम्ही म्हणालात, "सवय मोडंल."

तेव्हा मला ते खुळेपण वाटलं होतं.

आता त्या उन्हाळ्याकडं येतो. मला तिथं यायचं नव्हतं म्हणूनच एसटीत रेंगाळलो.

त्या साली पाऊस दोन वेळा तोंड दाखवून गेला होता. बोअर आटले, विहिरींत दगड दिसायला लागले. सरकारी टँकरला नेम नव्हता. म्हशींचं दूध आटलं तर संस्थाच बुडेल म्हणून आम्ही संस्थेच्या नफ्यातून रोज एक टँकर लावला. तो देवळामागच्या हौदात रिकामा व्हायचा आणि सभासदांना घागरी मोजून मिळायच्या. सभासद कोण, याचा नियम मीच लिहिला होता. सलग दूध घालणारा, तो सभासद. नियम लिहिताना माझ्या मनात कुणाचं वाईट नव्हतं. पण आपल्या गावात सलग दूध न घालणारे कोण? वरच्या वस्तीवरचे लोक. दसरा-दिवाळीनंतर ते उसतोडीला जातात, जनावरं विकून नाहीतर सोबत घेऊन. सहा महिने गावात नसतात. त्यांनी दूध घालायचं कधी?

त्या साली कारखान्यांनाच ऊस पुरला नाही आणि वस्ती लवकर परत आली. त्यांच्या विहिरीत चिखलसुद्धा नव्हता. सप्ता चालू होता. त्या दुपारी टँकर हौदात खाली झाला, मी तोटीपाशी उभा राहून नावं पुकारायला लागलो आणि वस्तीवरच्या बाया रिकाम्या घागरी घेऊन उतारावरून खाली आल्या. पुढं कौसाबाई होती. तिच्या हातावरच्या उसाच्या पाचटाच्या चिरा अजून भरल्या नव्हत्या. तिनं कुणाला काही न विचारता घागर तोटीखाली ठेवली.

संस्थेचे चेअरमन म्हणाले, "कौसाबाई, सभासदाचं पानी हाय ह्ये."

"आमी बी ह्याच गावचे हाव की, आबा."

"गावच्या पान्याला कोन नगं म्हनतं? सरकारी टँकर आला की घ्या. ह्ये संस्थेचं हाय. नियम हाय. इचारा सचिवाला."

ती माझ्याकडं बघायला लागली. मी म्हणालो, "नियम हाय, मावशी."

मग कुणीतरी पायानं तिची घागर बाजूला सारली. कोण ते मला माहीत आहे, तो आज नाही, नाव घेत नाही. घागर रिकामी होती. ती दगडावरून गडगडत गेली आणि तिचा आवाज पार मंडपापर्यंत गेला.

थोड्या वेळानं मला वीणा ऐकू आली. आधी वाटलं मंडपातलीच. मग ती जवळ येत गेली. माझ्या पाठीकडचे लोक बाजूला सरकायला लागले. कुणी सांगितलं नव्हतं, पण वीणा आली की पाय आपोआप मागं होतात. तुम्ही मंडप सोडून आला होता. अनवाणी. ती जमीन इतकी तापलेली की घागर टेकवली तरी बाया फडकं टाकत होत्या. तुम्ही येऊन तोटीपुढं उभे राहिलात, 'रामकृष्णहरी' चालूच.

"नाना, आवो वीणा भाईर आनली?" कुणीतरी ओरडलं. "सप्ता मोडला!"

तुम्ही नाव थांबवलंत आणि म्हणालात, "मोडला न्हाई. हितवर चालत आला."

"गावाला पाप लागंल, किसननाना," चेअरमन म्हणाले. त्यांचा आवाज खरंच घाबरलेला होता. "परत फिरा. कावून आडवं येता?"

"ह्या बायांच्या घागरी भरू द्या, आबा. मंग मला ढकला, न्हाईतर गावाभाईर काडा."

"तुज्या घरचं पानी हाय का बे?" मागून एक आवाज आला. गर्दीत हसू पिकलं. तुमच्या वयाच्या माणसाला कुणी आपल्या गावात तोवर 'बे' म्हटलं नव्हतं.

तुम्हीही हसलात. म्हणालात, "हाय की. माज्या वाटनीच्या घागरी हायत ना आज? त्या ह्येंना द्या. त्या सरल्या की माज्या मेव्हन्याच्या." आणि माझ्याकडं वळून, रोज म्हैस पिळताना बोलायचात त्याच सुरात, "काय सचिवसायेब, देतो न्हवं?"

दाजी, तुम्ही मला दार उघडून दिलं होतं. हसत उघडलं होतं, आत येणाऱ्याला लाज वाटू नये असं. मला फक्त 'देतो' म्हणायचं होतं.

मी खाली बघितलं. तोटीच्या चाव्या बघितल्या. काय बघितलं ते आठवत नाही, पण खाली बघितलं.

तुम्ही पुन्हा नाव घ्यायला लागलात. लोक शिव्या देत होते, पण तुम्हाला कुणी हात लावत नव्हतं. मग मंडपातून टाळकरी म्हातारा येऊन म्हणाला, "चार वाजले. पहारा कुनाचा?" सगळ्या गावाला माहीत होतं कुणाचा. वीणा घ्यायची तर मला तुमच्या पाया पडून, तुमच्या जागी, गर्दीकडं तोंड करून उभं राहावं लागलं असतं. मी चेअरमनच्या मागं सरकलो आणि हौदाचं झाकण नीट करायला लागलो. झाकण नीटच होतं.

म्हाताऱ्यानं दोनदा विचारलं. तुम्ही एकदाही माझं नाव घेतलं नाही.

शेवटी अक्का आली. तिच्या वाट्याच्या दोन घागरी भरून डोक्यावर होत्या. ती घराकडं निघालेली, तिथून परत फिरली. कौसाबाईची घागर तिनं उचलून आणली, पदरानं पुसली आणि आपली एक तिच्यात ओतली. मग मान वर करून पुरुषांना म्हणाली, "बगता काय मेल्यांनो? माजं पानी हाय. सभासद हाय मी." तिच्या मागून चेअरमनच्या म्हाताऱ्या आईनं घागर ओतली, मग आणखी एकीनं. पुरुष आपापल्या बायकांना हाका मारत राहिले, पण रांग मोडली ती मोडलीच. त्या दिवशी वस्तीवर पाणी गेलं. प्रत्येक घरात एक घागर कमी आली आणि कुणी मेलं नाही.

तुम्ही मंडपात परत गेलात आणि माझ्या पहाऱ्याची सगळी वेळ उभे राहिलात. हरिपाठाला लोक जमल्यावर कुणीतरी तुम्हाला सोडवलं. घरी आलात तेव्हा तळपायांना फोड आले होते. अक्का त्यावर लोणी लावत होती आणि मी ओट्यावर बसून वाद घालत होतो. मला आजही ते शब्द तसेच्या तसे ऐकू येतात.

"दाजी, उद्याचा टँकर आला न्हाई तर? समदं गाव तहानंल. नियम काय मज्जा म्हनून लिवतेत का?"

"मंग उद्या समदे मिळून तहानू."

"असं नसतंय चालत. आन् तुमी जिकलात ते वीणा व्हती म्हनून. वीणेला कोन हात लावनार? रिकाम्या हातानं उबं ऱ्हाऊन दावायचं व्हतं."

तुम्ही पाय बघत म्हणालात, "व्हय. खरं हाय."

आणि मला वाटलं, वाद मी जिंकला.

पुढच्या साली सप्त्याच्या बैठकीत पहारे ठरले तेव्हा तुमचं नाव कुणी घेतलं नाही. "नानांचं वय झालं," चेअरमन म्हणाले. तुमचं वय झालं नव्हतं, तुम्ही तेव्हा भरल्या पोत्याला एकटे पाठ लावत होता. बैठकीत मी बसलो होतो. 'दुपारचा दाजींना द्या' एवढं म्हटलं असतं तर चाललं असतं बहुतेक. जुनी गोष्ट झाली होती, राग उतरत आला होता. पण मी बोललो नाही आणि पुढच्या साली ते अधिकच अवघड झालं, आणि मग ती रीतच पडली. तुम्ही नारायणगडाच्या वारीला मात्र दरसाल अनवाणी जात राहिलात. आणि गावच्या सप्त्यात पहाटे जाऊन मंडप झाडायचात. झाडून झालं की पहाऱ्यावरच्या पोरासमोर थोडा वेळ हात जोडून उभे राहायचात आणि घरी यायचात. वीणा पुन्हा तुमच्या गळ्यात आली नाही.

तुम्ही तक्रार केली असती तर मी वाद घातला असता. त्यात मी पटाईत आहे. तुम्ही मात्र मला तसेच 'पाव्हणं' म्हणत राहिलात. माझं लग्न लावून दिलंत, माझ्या पोरीला खांद्यावर बसवून बाजार दाखवलात. मी चिडका होत गेलो त्याचं कारण घरात कुणाला कळलं नाही. सप्ता जवळ आला की मी अक्कावर उगीच ओरडायचो.

बीडच्या दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात एका दुपारी मी तुमच्या पायांना तेल चोळत होतो. तळव्यावर अजून तो एक खरबरीत डाग होता. तुम्ही शांत होता. मी विचारलं, "दाजी, त्या दिवशी भ्या न्हाई वाटलं?"

"कंच्या दिवशी" असं तुम्ही विचारलं नाहीत.

"लई वाटलं. पाय लटलट कापत व्हते. तुला दिसलं न्हाई?"

"न्हाई."

"तू खाली बगत व्हता. कसं दिसंल?" आणि तुम्ही हसलात. खोकला येईपर्यंत हसलात. इतक्या वर्षांत तुम्ही मला बोललात ते एवढंच.

"मंग गेलात कावून?"

तुम्ही छताच्या पंख्याकडं बघत म्हणालात, "घागर वाजली. तवा तोंडात देवाचं नाव व्हतं. ते नाव घेत तितंच सावलीत हुबा ऱ्हायलो असतो, तर फुडं कंच्या तोंडानं घेतलं असतं? त्येचं भ्या लोकांच्या भ्यापरीस मोटं वाटलं." मग म्हणालात, "तू म्हनला व्हता, वीणा व्हती म्हनून. खरंच हाय ते. रिकाम्या हातानं गेलो असतो तर निम्म्यातून पळून आलो असतो. तिला खाली ठिवता येत न्हाई ना. म्हनून मला बी बसता आलं न्हाई."

मी म्हणालो, "दाजी, तवा माजा पहारा..."

"बास कर तेल," तुम्ही म्हणालात. "चादर चिकाट हुईल. दवाखान्याची हाय."

मी हात पुसले. तुम्ही मला वाचवलंत की अडवलंत, मला अजून समजलेलं नाही.

आता तेरवीचं.

यंदाही तेच आहे. पाऊस नाही, संस्थेचा टँकर आहे, नियम माझाच आहे. चेअरमन आता त्यांचा मुलगा आहे. पोरगा वाईट नाही. तुम्ही गेल्यावर तो स्वतः घरी आला, अक्कापुढं मांडी घालून बसला आणि म्हणाला, "नानांच्या तेरवीला संस्थेतर्फे टँकर. पान्याची फिकीर करू नका." अक्का रडली. मलाही बरं वाटलं. गावानं तुम्हाला माफ केलं असं वाटलं, आणि असं वाटलं याची पुढं लाज वाटली.

दहाव्यानंतर कौसाबाई भेटायला आली. किती वाकली आहे ती. अक्काच्या गळ्यात पडून रडली. मग रीतीप्रमाणं माझ्या बायकोनं तिला तांब्या आणून दिला. कौसाबाईनं तो हातात धरला, प्यायली नाही. कमरेच्या पिशवीतून तिनं औषधाची एक रिकामी बाटली काढली, तांब्यातलं पाणी सांडू न देता तिच्यात ओतलं आणि बूच लावलं. आम्ही बघतोय हे ध्यानात आल्यावर म्हणाली, "नात आजारी हाय. वर चार रोज झालं टँकर न्हाई आला." आणि बाटली पदराखाली झाकली, चोरी केल्यासारखी.

माझ्या दारात, दाजी. तुमच्या दारात.

मी कुणालाच काही बोललो नाही. अक्कालासुद्धा नाही. तेरवी तिची होती. नवऱ्याची शेवटची पंगत गावानं जेवावी एवढंच तिनं मागितलं असतं आणि तेच मी मोडणार होतो. मला गावाची भीती कमी आणि तिची जास्त होती. विधी झाले तोवर मांडव भरला होता. भजनी मंडळ आलं होतं, टाळकऱ्याचा मुलगा वीणा घेऊन उभा होता. टँकर दारात येऊन लागला आणि आचारी पाइप ओढायला उठला. तेव्हा मी उठलो.

म्हणालो, "आज पंगत न्हाई. ह्यो टँकर वस्तीवर जानार."

आधी कुणाला कळलंच नाही. मग कळलं.

"बिनजेवनाची तेरवी? येडा झाला का बे?"

"मेलेल्या मान्साला उपाशी ठिवतो का?"

चेअरमनचा पोरगा खरोखर दुखावला होता. "काका, आमी नानांसाठी दिला टँकर. वस्तीसाठी न्हाई." एकजण समजुतीनं म्हणाला, "अर्धं ठिवू, अर्धं देऊ. दोन्ही हुईल." मला ते पटलंसुद्धा. सुटका होती ती. पण गावाची पंगत, भांडी, हात धुणं, सगळं डोळ्यांपुढं आलं. अर्धं म्हणता म्हणता वर तळातलं गढूळ गेलं असतं. आणि ती बाटली दिसली. मी म्हणालो, "न्हाई. समदं."

माझे गुडघे असे कापत होते की धोतर हललेलं लोकांना दिसलं असणार. आणि हात! हात कुठं ठेवावेत हेच कळेना. पुढं बांधले, मागं नेले, खाली सोडले. धरायला काहीच नव्हतं. त्या ओट्यावर मी तुम्हाला काय म्हणालो होतो ते तेव्हा कळलं. रिकाम्या हातानं उभं राहून दाखवा, म्हणालो होतो. तुम्ही खरं सांगितलंत, निम्म्यातून पळून यावंसं वाटतं. मी पळालो नाही ते शूरपणानं नव्हे. मागं घराचं दार होतं आणि दारात अक्का उभी होती, मला तिच्या तोंडाकडं बघायचं नव्हतं.

मग तीच पुढं आली. मला वाटलं, आता मुस्काटात देईल. ती माझ्या शेजारून गेली, टँकरच्या ड्रायव्हरपाशी थांबली आणि म्हणाली, "दार उगड बाबा. मी फुडं बसते. वाट दावते." पांढऱ्या कपाळाची बाई, तेरवीच्या दिवशी घराबाहेर निघालेली. बाया कुजबुजल्या. तिनं पदर खोचला, पाय वर टाकायला जमेना म्हणून माझ्याकडं वळून ओरडली, "महाद्या, बगतो काय? हात दे."

मी हात दिला. दाजी, तेवढ्यापुरती हाताला जागा मिळाली.

टँकर पुढं, मी मागं चालत. विधीला बसल्यामुळं पायात काही नव्हतं. उतार चढताना खडे पोळत होते आणि मी, माझं मलाच कळायच्या आत, तुमच्यासारखं नाव घेत होतो. चुकत होतो, अडखळत होतो. गर्दीतलं कुणी मागून आलं नाही. आले असते तर इथं लिहिलं असतं. वर बाया धावत आल्या. अक्का केबिनमधूनच त्यांच्यावर ओरडत होती, "रांग लावा गं, सांडू नका!" कौसाबाईची घागर पहिली लागली. ती भरल्यावर कौसाबाईनं तिचा काठ पदरानं पुसला. मग म्हणाली, "नाना असते तर आज जेवले असते आमच्यात." तिच्या झोपडीत अक्कानं आणि मी भाकरी खाल्ली. तुमच्या तेरवीचं जेवण ते.

नियम अजून तसाच आहे. येत्या सभेत तो बदलायचा ठराव मी मांडणार आहे. बहुतेक पडेल, आणि सचिवपदही जाईल. पडला तर पुढच्या सभेत पुन्हा मांडीन.

तुमचं दहन झालं त्या दिवशी मी तुमच्या पाया पडलो तेव्हा तो डाग पुन्हा दिसला होता. हौदापाशी, त्या दुपारी चार वाजता पाया पडायचं होतं. तुम्ही मंडपात गेलात, सावलीत गेलात, घरी आलात, म्हातारे झालात, पण मला कायम वाटत आलंय की तुम्ही त्या तोटीपुढंच उभे आहात. पुढचा माणूस आला नाही, म्हणून तुम्हाला टेकता येत नाही.

फार उशीर झाला, दाजी. पण मी आलोय.

बसा आता.